तेविसावं पान

प्रभाकर,

तुझ्या जलदानविधीला मी मागच्या रांगेत बसले होते. पुढं त्रिशरण चाललं होतं आणि माझी नजर तुमच्या कळंब्याच्या घराच्या कुंपणावर होती. कुंपणावर एक वेल चढलेला. मी त्याची पानं मोजत होते. एका देठावर तीन. पुढच्या देठावर पुन्हा तीन. साधा घेवडा आहे हे दिसत होतं, तरी मोजणं थांबेना. शेजारच्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं, तेव्हा कळलं की सगळे हात जोडून उभे राहिलेत आणि मी एकटीच बसून आहे.

जेवणं उरकल्यावर वंदनावहिनींनी मला आत बोलावलं. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक त्यांनी स्वतःच ओढून काढली.

"ह्यांचं झाडांचं आमाला काय कळत न्हाय, शैलाताई. ठेवायचं काय आन् टाकायचं काय, तुमीच बघा."

मला वाटलं, आत तुझे वाळवलेले नमुने असतील, जुन्या वर्तमानपत्रांत दाबलेले. झाकण उघडलं. आत छापील कागद होते. एकाच मापाचे, डाव्या कडेला फाडलेले. काही तेलकट, काही चौघडी घातलेले, एकाला हळदीचं बोट लागलेलं. सगळ्यांवर एकच फोटो आणि खाली कोपऱ्यात एकच आकडा. तेवीस.

"दर सुट्टीला जायचं," वहिनी म्हणाल्या. "कुठं चाललाय म्हणून इचारलं की म्हनायचं, पानं गोळा करायला. मला वाटायचं, झाडाची."

मी ट्रंक घरी आणली. अजून ती माझ्या टेबलाखाली आहे. लिहिताना पाय तिला लागतो आणि मी तो मागं घेते.

तुझ्याबद्दल चार शब्द लिहा, असं सगळे म्हणतात. तू कुठं शिकलास, किती वर्षं नोकरी केलीस, ते तुझ्या शाळेतले लोक लिहितील. मला तुझ्याशी बोलायचं आहे. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे.

आपण एकाच वर्गात होतो. माझ्या घरचा ऊस, तुझी आई लोकांच्या उसात भांगलायला जाणारी. कॉलेजात याची आठवण कुणी काढत नसे, पण विसरतही नसे. पहिल्या सहलीला आपण जोतिबाच्या मागच्या पठारावर गेलो होतो. मी दिसेल त्या वेलाला वहीत 'करांदा' लिहीत सुटले होते. तू मागनं आलास आणि वहीत डोकावून म्हणालास, "ह्यो करांदा न्हवं. पीळ बघ की. करांदा डावीकडनं चढतोय. ह्यो उजवा हाय." मग माझं बोट धरून तू ते वेलावरून फिरवलंस, दोरीचा पीळ दाखवावा तसं. त्या दिवसापासून मी वेल बोटानं ओळखायला शिकले. पुढं मी पंचवीस वर्षं मुलींना तेच शिकवलं. 'हे मला प्रभाकरनं दाखवलं' असं एकदाही म्हटलं नाही. तसं मुद्दाम लपवलं नव्हतं. म्हणायचं सुचलं नाही, एवढंच. आता वाटतं, न सुचणं हेच जास्त वाईट.

मी प्राध्यापक झाले आणि तू पन्हाळ्याच्या पलीकडं हायस्कुलात विज्ञान शिकवायला लागलास. रविवारी तू मोपेडवर गठ्ठा बांधून आमच्या कॉलेजात यायचास. वाळवलेल्या झाडांची कपाटं आमच्याकडं, आणि डोंगर तुझ्याकडं. मी नमुन्यांना शास्त्रीय नावं द्यायची, तू त्यांचे स्वभाव सांगायचास. ही गुरांनी टाकलेली भाजी, ही बाळंतिणीला देतात, ही नुसती हाताला लागली तरी खाजते. त्या वर्षांतली दुपार आठवली की मला अजून डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि तुझं ते मोठ्यानं बोलणं ऐकू येतं. शिपाई दारातून बघून जायचा, भांडण आहे की काय म्हणून.

मग नव्वदीच्या मध्यावर ती पुस्तिका निघाली. रानभाज्या कशा ओळखाव्यात, कशा शिजवाव्यात, शाळाशाळांतल्या प्रदर्शनांत वाटायला. कल्पना तुझी. फोटो आणि मजकूर माझा. मुखपृष्ठावर दोघांची नावं. तेविसाव्या पानावर शेंडवेल होती. तिचा कंद मिठाच्या पाण्यात उकडून खातात. फोटो माझ्याच एका सहलीतला, तुझ्या शाळेपलीकडच्या ओढ्यातला.

छपाईला द्यायच्या आदल्या आठवड्यात तू त्याच ओढ्यातल्या वेलाचा नमुना घेऊन आलास आणि फोटोशेजारी ठेवलास.

"शैला, ही शेंडवेल न्हवं. ह्यो कडूकंद हाय. ईख हाय हे, जहर."

मी हसले. दोन्ही वेल डावीकडून चढणारे, दोघांच्या खोडाला काटे, दोघांचं पान फुटलेलं. मी म्हटलं, "शेंडवेलीला पाच पानं असतात तशी कोवळेपणी तीनही असतात. पुस्तकात आहे."

"कोवळा कुठं हाय? मनगटाएवढा बुडखा हाय त्येचा. आन् शेंडवेलीला पानाच्या बगलेत गोळ्या धरत्यात. ह्येला एक तरी दाव."

"अजून दिवस आहेत गोळ्या धरायला."

"मग कंद बघाय चल. कडूकंदाचा गड्डा वरच असतोय, मातीत नखभर, मुळ्यांचं जंगल सगळं अंगावर. शेंडवेलीला कमरेएवढं उकरावं लागतंय. अर्ध्या तासाचं काम हाय. उद्या चल."

उद्या मला वेळ नव्हता. माझा प्रबंध तपासून आला होता, तोंडी परीक्षेची तारीख जवळ होती. पण खरं कारण ते नव्हतं. तू चल म्हणालास आणि मला राग आला. तीन-चार विद्यार्थिनी टेबलाभोवती उभ्या होत्या. त्यांच्यादेखत मी म्हणाले, "प्रभाकर, तू शाळेत शिकवतोस. हर्बेरियमचं काम वेगळं असतं."

मी तुझ्याच नमुन्यावर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली. शेंडवेलीचं शास्त्रीय नाव, खाली माझी सही. तू ती चिठ्ठी वाचलीस, गठ्ठा बांधलास आणि दारात वळून म्हणालास, "येतो, मॅडम."

तोवर तू मला कधी मॅडम म्हटलं नव्हतंस.

माझं नाव मुखपृष्ठावरून काढ, असं तू तेव्हा सांगू शकला असतास. सांगितलं नाहीस. का नाही, याचा विचार मी आता रोज करते. पुस्तिका छापली. प्रदर्शनं झाली. आपण दोघं एका मांडवात गळ्यात हार घालून उभे आहोत, असे फोटोही आहेत. त्यात तू माझ्याकडं बघत नाहीस.

पुढच्या पावसाळ्यात तू एकदा कॉलेजात आलास. मधल्या सुट्टीची गर्दी होती, आपण व्हरांड्यातच उभे राहिलो. तुझी दाढी वाढलेली, चपलांना लाल चिखल. मी चहा मागवला, तू तो घेतला नाहीस.

"शैला, ते पान काढ."

"पुस्तिका वाटून झाल्यात, प्रभाकर. आता कशी काढू?"

"काढ म्हणतोय न्हवं."

"काही झालंय का?"

तू माझ्याकडं बघितलंस. किती वेळ बघितलंस ते मला आता आठवत नाही, कधी वाटतं क्षणभर, कधी वाटतं घंटा होईपर्यंत. मग म्हणालास, "न्हाय. काय न्हाय."

"पुढच्या आवृत्तीत बघू," मी म्हणाले आणि वर्गावर गेले. पुढची आवृत्ती कधी निघालीच नाही.

तू रविवारी येणं बंद केलंस. तुला राग आला आहे, मानी माणूस आहे, उतरेल, असं मी धरून चालले. उतरला नाही म्हटल्यावर मलाही राग आला. वर्षं अशीच जातात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता जे लिहायचं आहे ते तुला माहीत नाही. दोन हजार साल उलटल्यावर बाहेरगावचे एक अभ्यासक आमची कपाटं बघायला आले होते. रानकंदांवरच त्यांचं काम. जेवणाआधी सहज मी त्यांना जुने फोटो दाखवले. तेविसाव्या पानाचा फोटो त्यांनी उजेडात धरला आणि म्हणाले, "हा कडूकंद छान आलाय." पुढचा फोटो मागितला. त्यांच्या दृष्टीनं त्यात बोलण्यासारखं काही नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी एकटी त्या ओढ्यात गेले. खुरप्यानं माती बाजूला केली. कंद वरच होता, मुळ्यांनी भरलेला. अर्धा तासही लागला नाही.

परत येऊन मी तुझा नमुना काढला. आमच्यात जुनी चिठ्ठी खोडत नाहीत, फाडत नाहीत, तिच्याशेजारी नवी लावतात. मी नवी लावली. कडूकंदाचं नाव, माझी सही. कपाट बंद केलं, किल्ली शिपायाला दिली, आणि मला खरोखर वाटलं की दुरुस्ती झाली. तुला पत्र लिहायचं ठरवलं होतं. दोनदा लिहायला बसलेही. 'तुझं बरोबर होतं' या तीन शब्दांपुढं काय लिहायचं ते जमेना म्हणून ठेवून दिलं. खेड्यातल्या माणसांना काय खावं ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं, कुणी पुस्तिका बघून कंद उकरणार नाही, अशी मी स्वतःची समजूतही घातली.

मग तो गडहिंग्लजचा स्टँड. मी कुणाच्या तरी लग्नाहून परतत होते, तू कुठल्याशा शिबिराहून. कोल्हापूर गाडीला वेळ होता. तू बाकावर सरकून जागा दिलीस आणि कागदातले पेरू पुढं केलेस. केस पांढरे झाले होते तुझे.

"झाडं काय म्हणत्यात?" तू विचारलंस.

"बरी आहेत," मी म्हणाले.

माझ्या तोंडात पेरू होता आणि घशाशी ते तीन शब्द होते. आता गाडी लागेपर्यंत सांगू, असं म्हणत राहिले. गाडी लागली. गर्दी आत घुसली. तू खिडकीतून माझी पिशवी आत टाकून जागा धरलीस आणि स्वतः मागं उभा राहिलास. कोल्हापूरपर्यंत आपण एका गाडीत होतो, प्रभाकर. दोन तास. मध्ये पंधरा माणसं उभी होती, आणि मला त्यांचं बरं वाटत होतं.

ट्रंकेतली पानं मी एकेक उलटून बघितली. प्रत्येकाच्या मागं तुझ्या पेन्सिलीतलं अक्षर. वाडीचं नाव, घराचं नाव. कुठं 'पोराच्या दप्तरात होतं'. कुठं 'द्यायला तयार नव्हते, तिसऱ्या खेपेला दिलं'. कुठं 'चुलीत घातलं म्हणतात, खात्री नाही'. आणि त्या हळदीच्या बोटाच्या पानामागं फक्त एवढंच: 'गौरव्वा. उशीर झाला.' तारीख नाही, दुसरा शब्द नाही. तेवढ्यानं व्हरांड्यातल्या त्या दिवसाचा लाल चिखल माझ्या डोळ्यांपुढं आला.

मागच्या आठवड्यात मी तिथं गेले. वाडीचं नाव लिहीत नाही. एसटी खालच्या फाट्याला सोडते, तिथून चढ. वाटेत दोन्ही बाजूंना वेल होते आणि मी त्यांच्याकडं न बघता चालायचा प्रयत्न करत होते. दोनदा मला मागं मोपेड आल्यासारखी वाटली. वळून बघितलं. रस्ता रिकामा होता. तिसऱ्यांदा वळलेच नाही, कडेला होऊन वाट दिली.

गौरव्वा पन्नाशीची असेल. माहेर गडहिंग्लजच्या खालच्या अंगाचं, बोलण्यात कानडी हेल. मी कॉलेजातनं आले, प्रभाकर मास्तरांच्या ओळखीची आहे, म्हणून सांगितलं. मास्तर गेले, हेही सांगितलं. तिला माहीत नव्हतं. ती भिंतीला टेकून खाली बसली.

मग तिनं आपणहून सांगितलं. पोरीनं शाळेतनं पुस्तक आणलं होतं. फोटो बघून पोरगी म्हणाली, हा वेल आपल्या ओढ्यात आहे. "मी खालच्या मुलखाची. मला हितलं रान काय ठावं? पुस्तकात हाय म्हणल्यावर उकरून आणलं. मिठात शिजिवलं. अत्तीस्नी पयला वाढलं." अत्ती म्हणजे सासूबाई. "त्यास्नी डोळ्यानं दिसत न्हवतं. दिसलं असतं तर हातातनं काढून फेकलं असतं त्येनी. सगळं रान त्यास्नी पाठ. पयला घास खाल्ला आन् म्हणल्या, गौरे, घसा जळतोय गं. मी म्हणलं, मीठ जास्त झालंय, खावा. ताट संपिवलं त्येनी."

तिनं आणि पोरीनं एकेक घास खाऊन टाकून दिला होता. त्या उलट्या होऊन वाचल्या. म्हातारी दुसऱ्या दिवशी गेली.

"लोक म्हणलं, म्हातारी हुती, पिकलं पान हुतं. मला म्हाईत हाय कशानं गेली."

मी विचारलं, "मास्तर कधी आले?"

"तिसऱ्या दिसाला. पोरगी त्यांच्याच वर्गात. दारात हुबं ऱ्हायलं. म्हणलं, बाई, चूक माझी हाय. चित्र मी चुकीचं दिलं. मला काय बोलायचं ते बोला. मग दर वर्साला यायचं. पोरीच्या लग्नाला आलं, नातवाच्या बारशाला आलं. पानी, चा घेऊन जायचं."

तुझा कप तिथं वेगळा ठेवलेला होता का, हे मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्क नव्हता, आणि उत्तर ऐकायची हिंमतही.

प्रभाकर, तू असं का म्हणालास? मला वाचवायला? की पुस्तकावर नाव राहू दिलंस, ती खरंच तुला तुझी चूक वाटत होती? की माझ्यासारखी बाई चढ चढून इथवर येणारच नाही, हे तू ओळखून होतास आणि कुणीतरी त्या दारात उभं राहायला हवं होतं? मी व्हरांड्यात विचारलं होतं ना, काही झालंय का म्हणून. एक वाक्य बोलला असतास. त्याबद्दल मला तुझा राग येतो, अजून येतो, आणि ज्याच्यावर रागवायचं त्याच्या फोटोला मी जलदानाच्या दिवशी फूल वाहून आले आहे.

मी गौरव्वाला म्हणाले, "चूक त्यांची नव्हती. फोटो माझा होता. हा कडूकंद आहे, छापू नको, असं त्यांनी मला आधी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

बाहेर कोंबड्या परड्यात उकरत होत्या.

"मग त्येनी का म्हणलं तसं?"

"मला माहीत नाही."

"अकरा वर्सं," ती म्हणाली, "त्या मानसाला चा दिला आन् मनातल्या मनात शिव्या दिल्या. त्यो पायरी उतरला की अत्तीचं नाव घेऊन शिव्या द्याची मी. आता त्यो बी गेला. त्या शिव्यांचं आता मी काय करू?"

"मला द्या," मी म्हणाले.

"तुमास्नी देऊन त्येला दिलेल्या परत येतील व्हय?" ती एकदम ओरडली. "आन् मला एकटीला काय सांगताय? सगळी वाडी त्यास्नी कंदाचा मास्तर म्हणती. पोरं मागनं हाका मारायची, कंद आला, कंद आला. त्यो मान खाली घालून जायचा. उठा."

मी उठले. तिनं पदर खोचला, चपला घातल्या आणि माझ्याकडं न बघता पुढं चालायला लागली. पहिल्या घरापुढं थांबून तिनं हाक मारली. एक म्हातारा बाहेर आला. "पावणं कुठलं?" त्यानं विचारलं.

"सांगा," गौरव्वा मला म्हणाली.

मी सांगितलं. माझं पूर्ण नाव, कॉलेज, फोटो, तू दिलेला इशारा, टेबलाभोवतीच्या मुलींदेखत मी बोललेलं वाक्य. म्हाताऱ्यानं मान हलवली. त्याला कितपत कळलं, कुणास ठाऊक. गौरव्वा पुढच्या घराकडं वळली होती. तिथं एक सून भाकरी थापत होती, ती हात तसेच पिठाचे ठेवून ऐकत राहिली. तिसऱ्या घरात तुझा एक विद्यार्थी निघाला, आता बाप्या झालेला. तो रडायला लागला आणि मला म्हणाला, "आमी हाका मारायचो त्यास्नी." प्रत्येक दारात गौरव्वा बाजूला उभी राहायची, हाताची घडी घालून, आणि म्हणायची, "सांगा." चौथ्या-पाचव्या घरानंतर माझा आवाज थरथरायचा थांबला. तेव्हा ती म्हणाली, "पयल्यासारखं सांगा." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

नऊ घरं झाली. दहाव्याला कुलूप होतं. माणसं भातात गेली होती.

"मी पुन्हा येईन," मी म्हणाले.

"पुन्यांदा कशाला? येतीलच की," गौरव्वा म्हणाली आणि पायरीवर बसली. मग थोडी सरकली. मी तिच्याशेजारी बसले. शेवटची एसटी किती वाजता आहे, हे मला ठाऊक होतं. मी घड्याळ बघितलं नाही. आम्ही दोघी खालच्या वाटेकडं बघत बसलो, शेतातनं कोण वर येतंय ते.